कानाचं मशीन बदलायची वेळ खरंच आली आहे का? आणि आली असेल तर कुठलं घ्यायचं?

मी चिपळूणला एका पतसंस्थेच्या काउंटरवर काम करते. २०१२ पासून माझ्या दोन्ही कानांना श्रवणयंत्र आहे. काचेपलीकडचा माणूस "आठ हजार" म्हणाला की "साठ हजार", यात माझी चूक होऊन चालत नाही. त्यामुळे मशीन जरा कमी-जास्त झालं तरी मला लगेच कळतं आणि लगेच घाबरायलाही होतं.

आजवर तीन जोड्या झाल्या. त्यातली २०१५ ची दुसरी जोडी मी घाबरून घेतली. उजव्या कानातला आवाज दबला होता. दुकानातल्या माणसाने मशीन हातात घेऊन पाहिलं आणि म्हणाला, "ताई, याचं आयुष्य संपलं, एक्स्चेंज ऑफर चालू आहे." नव्वद हजार मोजून मी नवी जोडी आणली. सहा महिन्यांनी पुण्यात दुसऱ्या ऑडिओलॉजिस्टकडे, म्हणजे ऐकणं तपासून मशीन लावून देणाऱ्या तज्ज्ञाकडे, जुनी जोडी सहज दाखवली. मोल्डमधली (कानाच्या मापाने बनवलेल्या साच्यातली) प्लास्टिकची नळी कडक होऊन आत ओल साचली होती. तिने नळी बदलली आणि तीन वर्षांचं ते मशीन पूर्वीसारखं बोलायला लागलं. नळीचे दीडशे रुपये झाले. तुमच्यावर ही वेळ येऊ नये म्हणून हे सगळं क्रमाने लिहिते आहे.

१. कान कमी झाला की मशीन, हे आधी वेगळं करा

सुरुवात डॉक्टरांपासून. एक-दोन दिवसांत अचानक ऐकू येईनासं झालं, विशेषतः एकाच कानाने, तर मशीनच्या दुकानात जाऊ नका. त्याच दिवशी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा. अचानक आलेल्या बहिरेपणावर उपचार लवकर सुरू झाले तरच उपयोगाची शक्यता जास्त असते. कानातून पाणी किंवा पू येणं, दुखणं, चक्कर येणं, हेही डॉक्टरांचंच काम. असं काही नसलं तरी एकदा कान तपासून घ्या. मळाचा गठ्ठा बसला असेल तर सगळ्यात महागडं मशीनही त्याच्या पलीकडे आवाज नेऊ शकत नाही. शिवाय मळामुळे आवाज उलटा फिरून शिट्टी वाजते आणि आपण म्हणतो मशीन बिघडलं.

मग मशीनकडे वळा. पुढच्या गोष्टी घरी होतात:

- नव्या पाकिटातला सेल घाला. झिंक-एअर सेल हवेवर चालतो, म्हणून स्टिकर काढल्यावर एक मिनिट थांबून मगच आत बसवा. स्टिकर एकदा काढला की सेल वापरला नाही तरी उतरत जातो. सेलचा नंबर पाकिटाच्या रंगावरून ओळखता येतो: १० पिवळा, ३१२ तपकिरी, १३ केशरी, ६७५ निळा.
- आवाज येतो त्या टोकाला मळ अडवणारा बारीक पांढरा वॅक्स फिल्टर असतो. तो बदला. मशीन "मेलं" असं वाटण्याचं कारण माझ्या अनुभवात बहुतेक वेळा हा एवढासा फिल्टरच निघाला.
- कानामागच्या मशीनला मोल्ड असेल तर नळी दाबून पाहा. ती मऊ आणि पारदर्शक असायला हवी. पिवळी, कडक झाली असेल किंवा आत पाण्याचे थेंब दिसत असतील तर बदला. तीन ते सहा महिन्यांनी ती बदलायचीच असते.
- माइकची भोकं कोरड्या मऊ ब्रशने झाडा. टाचणी घालू नका.
- रात्रभर सिलिका जेलच्या डबीत किंवा ड्राय बॉक्समध्ये ठेवा, सेलचं दार उघडं ठेवून.

शेवटची गोष्ट कोकणातल्या आणि मुंबईच्या वाचकांनी मनावर घ्यावी. जून ते सप्टेंबर आमच्याकडे भिंतीलाही ओल असते, मग कानामागच्या घामाचं काय सांगायचं! पावसाळ्यात "मशीन मध्येच बंद पडतं, मध्येच चालतं" ही तक्रार असेल तर आठ दिवस रोज रात्री सुकवून बघा आणि मगच पुढचं ठरवा.

एवढं करूनही शंका उरली तर घरच्या माणसाला मागे उभं करा आणि आ, ऊ, ई, म, श, स हे सहा आवाज एकेक करून, मध्ये कमी-जास्त थांबून म्हणायला सांगा. खालच्या पट्टीपासून वरच्या पट्टीपर्यंतचा बोलण्याचा बहुतेक पल्ला या सहांत येतो. मग शब्दांच्या जोड्या घ्या: साठ–आठ, सात–हात, तीस–वीस, खाट–पाट. समोर बसून करू नका. ओठ दिसले की आपण नकळत ओठांवरून वाचतो. मशीन नवं, नीट बसलेलं असतानाच ही चाचणी करून वहीत लिहून ठेवलीत तर पुढच्या वर्षी तुलना करायला हाताशी काहीतरी असतं. नाहीतर "पूर्वी जास्त ऐकू यायचं" ही फक्त भावना राहते.

२. नवा ऑडिओग्राम काढा आणि जुन्याशेजारी ठेवा

ऑडिओग्राम म्हणजे ऐकण्याच्या तपासणीचा आलेख. तो बंद, आवाज न येणाऱ्या खोलीतच झाला पाहिजे. दुकानाच्या बाकावर, बाहेर रिक्षा वाजत असताना झालेली तपासणी धरू नका. हवेतून आणि हाडातून, दोन्ही वाटांनी ऐकण्याची नोंद हवी. शब्द ओळखण्याची चाचणीही मागून घ्या आणि ती मराठीत करा असं स्पष्ट सांगा. माझ्या सासूबाईंची एकदा हिंदी शब्दांवर घेतली होती. त्यांना शब्द ऐकू येत होते, पण हिंदी कळत नव्हतं, आणि रिपोर्टमध्ये गुण मात्र कमी लागले.

दोन कागद शेजारी ठेवल्यावर तीनपैकी एक गोष्ट दिसेल.

आलेख जवळजवळ तोच असेल तर दोष मशीनमध्ये किंवा सेटिंगमध्ये आहे, दुरुस्तीकडे जा. आलेख दहा-पंधरा डेसिबलने खाली गेला असेल तर सध्याचंच मशीन नव्या आलेखाप्रमाणे पुन्हा ट्यून करता येतं का ते विचारा. प्रत्येक मॉडेलची एक मर्यादा असते, "फिटिंग रेंज" म्हणतात तिला, आणि ती मॉडेलच्या माहितीपत्रकात आलेखावर रंगवलेली असते. आपला आलेख त्या रंगीत भागात बसतो का ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा. तारेच्या टोकाला रिसीव्हर, म्हणजे छोटा स्पीकर, असलेल्या आरआयसी मशीनमध्ये तर नुसता जास्त ताकदीचा रिसीव्हर बसवूनही काम होतं. ही गोष्ट बरेच विक्रेते आपणहून सांगत नाहीत.

तिसरी गोष्ट जड आहे, पण सांगायलाच हवी. आवाज पुरेसा मोठा करूनही शब्द ओळखण्याचे गुण फारच कमी येत असतील तर कानातली नस आणि आतला भाग शब्द स्पष्ट पोहोचवू शकत नाहीये. तिथे दोन लाखांचं मशीन चार लाखांचं केल्याने स्पष्टपणा विकत मिळत नाही. अशा वेळी कॉक्लियर इम्प्लांटबद्दल (शस्त्रक्रियेने आतल्या कानात बसवायच्या यंत्राबद्दल) डॉक्टरांशी बोला, मग ते नाकारायचं असलं तरी चालेल.

३. बदलायची खरी कारणं

सर्वसाधारणपणे मशीन पाच वर्षं नीट चालतं. कोणाचं तीन वर्षांत थकतं, कोणाचं सात वर्षं जातं. पण कॅलेंडर बघून बदलू नका. माझ्या मते ही कारणं खरी: कान मशीनच्या मर्यादेबाहेर गेला, कंपनीने सुटे भाग देणं बंद केलं, वर्षात दोन-तीनदा तोच बिघाड झाला, किंवा माणसाचीच गरज बदलली. गरज बदलणं हे कमी महत्त्वाचं मानू नका. सासूबाईंची बोटं थरथरायला लागल्यावर त्यांना ३१२ चा इवलासा सेल घालता येईना. मशीन उत्तम होतं, पण डब्यात पडून राहायचं. त्यांना चार्जिंगचं घेतलं तेव्हा ते पुन्हा कानात गेलं.

दुरुस्तीचा खर्च त्याच दर्जाच्या नव्या मशीनच्या एक तृतीयांशाच्या वर जात असेल आणि दुरुस्तीची वॉरंटी सहाच महिने असेल, तर मी नवं घेते. हा माझा हिशोब, शास्त्र नव्हे.

४. जाताना बरोबर काय न्यायचं

- मागचे सगळे ऑडिओग्राम, तारखेप्रमाणे लावून
- सध्याचं मशीन, त्याचं बिल, सिरियल नंबर, वॉरंटी कार्ड
- आपला रोजचा मोबाइल
- आधार, असेल तर यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) आणि दिव्यांग प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला
- कुठे ऐकू येत नाही त्या पाच जागांची यादी (माझी होती: काउंटर, एसटी स्टँड, मीटिंग, फोन, पंखा चालू असलेली खोली)
- घरातला एक माणूस, ज्याचा आवाज तुम्हाला सगळ्यात जास्त ऐकायचा आहे

५. ब्रँड बघण्याआधी माणूस बघा

मशीन म्हणजे शिवायला दिलेलं कापड. कापड कितीही भारी असलं तरी माप चुकलं तर झगा अंगावर बसत नाही. म्हणून पहिला प्रश्न ब्रँडचा नाही, ऑडिओलॉजिस्टचा. त्यांची बीएएसएलपी (ऐकणं आणि बोलणं या विषयातली पदवी) किंवा त्यावरची पदवी आणि भारतीय पुनर्वास परिषदेकडची, म्हणजे आरसीआयकडची, नोंदणी असायला हवी. नोंदणी क्रमांक विचारण्यात काही वावगं नाही.

दुसरा प्रश्न: रिअल इअर मेजरमेंट करता का? कानाच्या नळीत एक बारीक मऊ नळी घालून, मशीन लावलेलं असताना पडद्याजवळ प्रत्यक्ष किती आवाज पोहोचतो ते त्यात मोजतात. प्रत्येकाच्या कानाची नळी वेगळी, त्यामुळे संगणकाने सुचवलेली सेटिंग जशीच्या तशी ठेवली तर ती अंदाजपंचेच राहते. "फर्स्ट फिट" बटण दाबून पाच मिनिटांत मोकळं करणारी जागा असेल तर उठून या. हे यंत्र सगळीकडे नसतं. नसेल तर निदान मशीन लावून आणि काढून, दोन्ही वेळा ऐकण्याची तपासणी करून फरक कागदावर द्यायला सांगा.

तिसरा प्रश्न: पुढच्या दोन वर्षांत ट्यूनिंगला कितीदा येता येईल आणि त्याचे पैसे किती? चिपळूणहून पुण्याला जाऊन-येऊन माझा अख्खा दिवस जातो. जवळचा बरा माणूस लांबच्या मोठ्या नावापेक्षा कधीकधी जास्त उपयोगी पडतो.

६. आता ब्रँडची तुलना

दुकानात नावं डझनभर दिसतात, पण मोठी घराणी पाचच आहेत. स्वित्झर्लंडच्या सोनोव्हाकडे फोनाक आणि युनिट्रॉन. डेन्मार्कच्या डिमांटकडे ओटिकॉन आणि बर्नाफोन. डेन्मार्कच्याच जीएनकडे रीसाउंड. वायडेक्स आणि सिग्निया २०१९ मध्ये एकत्र येऊन डब्ल्यूएस ऑडिऑलॉजी झाली; सिग्निया म्हणजे पूर्वीचं सीमेन्स. आणि अमेरिकेची स्टार्की. या पाचांपैकी कुणाचंही मशीन वाईट नाही. त्यामुळे "सगळ्यात चांगला ब्रँड कुठला" या प्रश्नाला उत्तरच नाही. "माझ्या आलेखाला आणि माझ्या पाच जागांना कुठलं बसतं" याला आहे.

सगळ्यात मोठा सापळा आहे दर्जाच्या आकड्यांचा. प्रत्येक कंपनी एकच मॉडेल तीन-चार दर्जांत विकते आणि आकडे मात्र आपापल्या पद्धतीने लावते. फोनाकमध्ये ३०, ५०, ७०, ९० असे चढत जातात, ९० सर्वात वरचा. सिग्नियात ७ वरचा. रीसाउंडमध्ये ९ वरचा. वायडेक्समध्ये ४४० वरचा आणि ११० खालचा. स्टार्कीत २४ वरचा. ओटिकॉनमध्ये उलटं: १ सर्वात वरचा, आकडा वाढेल तसा दर्जा खाली. माझ्या ओळखीच्या एका काकांनी एका कंपनीचा मधला दर्जा आणि दुसरीचा वरचा दर्जा यांच्या किमती शेजारी ठेवल्या आणि पहिली कंपनी स्वस्त म्हणून खूश झाले. तुलना करायची तर एकाच पायरीवरची दोन मशीनं घ्या आणि शक्यतो एकाच ऑडिओलॉजिस्टकडे लावून बघा.

वरच्या दर्जात पैसे मुख्यतः गोंगाटातल्या कामाला जातात. दिवसभर घरात, एक-दोन माणसांशी बोलणं आणि टीव्ही, एवढंच असेल तर खालचा किंवा मधला दर्जा पुरतो. सासूबाईंना मी खालच्या पायरीचंच घेतलं आणि त्यांचं काही अडलं नाही. काउंटर, वर्ग, बाजार, मीटिंग असेल तर मधल्याच्या वर जायला अर्थ आहे. "हे १६ चॅनेलचं, ते २० चं" (चॅनेल म्हणजे मशीन आवाजाच्या पट्टीचे किती भाग करून वेगवेगळे सांभाळतं तो आकडा) यावर मात्र निर्णय घेऊ नका. चॅनेल जास्त म्हणजे त्याच प्रमाणात ऐकू जास्त, असं होत नाही.

घराण्यांचे स्वभाव थोडे वेगळे आहेत. फोनाकची बरीच ब्लूटूथ मॉडेलं साध्या क्लासिक ब्लूटूथवर चालतात, म्हणून स्वस्त अँड्रॉइड फोनलाही जोडली जातात. काउंटरवर सतत फोन घेणाऱ्या मला याच एका गोष्टीने निर्णय सोपा केला. इतर कंपन्यांत आयफोनशी जोडणं सहसा सोपं, अँड्रॉइडचं मात्र फोनच्या मॉडेलवर अवलंबून. म्हणूनच आपला फोन बरोबर न्या आणि दुकानात बसूनच कॉल करून बघा. सिग्नियात आपला स्वतःचा आवाज वेगळा ओळखून सौम्य करण्याची सोय आहे. "माझाच आवाज पिंपातून आल्यासारखा येतो" असं म्हणणाऱ्यांनी ती नक्की ऐकून पाहावी. वायडेक्सने २०२० च्या मोमेंटपासून आवाजावर प्रक्रिया करायला लागणारा वेळ फार कमी केला. पेटी-तबला वाजवणाऱ्या, भजनाला बसणाऱ्या माणसांनी ते टाळांच्या आवाजात ऐकून बघावं. कान फारच कमी असेल तर प्रत्येक घराण्याची जास्त ताकदीची वेगळी मॉडेलं असतात, फोनाकची नाइडा किंवा ओटिकॉनची एक्सीड. तिथे छोटं, न दिसणारं मशीन मागू नका. लपवण्याच्या हौसेपायी ऐकणं गमावलेली माणसं मी पाहिली आहेत आणि मला त्याचं फार वाईट वाटतं.

चार्जिंगचं की सेलचं? चार्जिंगचं वापरायला सोपं, यात शंका नाही. आतली लिथियम बॅटरी काही वर्षांनी दमते. ती बदलून मिळते का आणि केवढ्याला, हे घेतानाच विचारा. मी स्वतः २०२२ मध्ये मुद्दाम सेलचंच घेतलं. २२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळूण बुडालं, त्यानंतर कित्येक दिवस आमच्याकडे वीज नव्हती. माळ्यावरच्या डब्यात सेलची चार पाकिटं होती म्हणून त्या दिवसांत मला हाका ऐकू आल्या. तुमच्या गावात वीज नीट असेल तर हा विचार सोडून द्या.

७. ट्रायल घेतल्याशिवाय पैसे देऊ नका

शांत खोलीत प्रत्येक मशीन छान वाटतं. घरी न्यायला द्या म्हणून आग्रह धरा, निदान आठवडाभर. बरेच जण अनामत घेऊन देतात. मग आपल्या यादीतल्या पाचही जागी जा. स्टँडवर गाडीची घोषणा ऐका, कुकरची शिट्टी चालू असताना स्वयंपाकघरात बोला, लग्नाच्या हॉलमध्ये जेवायला बसा. रोज रात्री दोन ओळी लिहा. "बरं वाटलं" असं नको. "मीटिंगमध्ये डावीकडच्या माणसाचं कळलं नाही" असं लिहा. ऑडिओलॉजिस्टला अशा वाक्यावरून सेटिंग बदलता येतं.

एका वेळी दोनपेक्षा जास्त मशीनं ट्रायलला घेऊ नका, गोंधळ उडतो.

८. बिल, योजना आणि काही फसवे रस्ते

साध्या डिजिटल मशीनला एका कानाचे पंधरा-वीस हजार, तर वरच्या दर्जाच्या जोडीला चार-पाच लाख, एवढा मोठा पल्ला आहे. श्रवणयंत्रावर जीएसटी नाही, कोणी वेगळा लावत असेल तर विचारा. बिलावर मॉडेल, दर्जा आणि दोन्ही कानांचे सिरियल नंबर लिहून घ्या. तेच नंबर बॉक्सवर आणि मशीनवर आहेत का तिथेच पडताळा.

खरेदीआधी एक प्रश्न जरूर विचारा: हे मशीन दुसऱ्या शहरातला कुठलाही ऑडिओलॉजिस्ट ट्यून करू शकेल का? काही दुकानसाखळ्यांची मशीनं त्यांच्याच सॉफ्टवेअरवर उघडतात. मुलाकडे दुसऱ्या गावी राहायला गेलात की अडकून पडता.

ऑनलाइन हजार-दोन हजारांत मिळणारी "कानाची मशीनं" म्हणजे नुसते आवाज वाढवणारे डबे. ती भांड्याचा आवाज आणि नातीचा आवाज सारखाच मोठा करतात आणि आपल्या ऑडिओग्रामप्रमाणे कमाल आवाजाला आळा घालत नाहीत. उरलेला कान त्यांच्या हवाली करू नका.

पैशांची अडचण असेल तर लाजू नका. मुंबईत वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण दिव्यांगजन संस्था आहे. तिथे तपासणी कमी खर्चात होते. दिव्यांगांना साधनं देणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेत किमान ४० टक्के दिव्यांगत्व आणि उत्पन्नाची अट बसणाऱ्यांना मशीन मिळतं. मोठ्या माणसांना त्याच कारणासाठी पुन्हा मदत घ्यायची तर मधे तीन वर्षं जावी लागतात, म्हणून मागच्या वेळची तारीख शोधून ठेवा. ६५ वर्षं पूर्ण झालेल्यांसाठी राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत एकदाच ३,००० रुपये मिळतात. नव्या मशीनला ते अपुरे आहेत, पण मोल्ड, सेल आणि ड्राय बॉक्सचा खर्च त्यात सुटतो. नोकरीत किंवा पेन्शनवर असाल तर आपल्या खात्याचे नियम खरेदीआधी वाचा. बहुतेक ठिकाणी आधी मंजुरी, मग बिल, असाच क्रम लागतो.

९. घरी आणल्यावर

पहिले काही दिवस पंखा, पिशवीची कुरकुर, स्वतःची पावलं, सगळं अंगावर येतं. मेंदूला ते आवाज पुन्हा ओळखीचे व्हायला काही आठवडे लागतात. त्रास होतो म्हणून मशीन काढून ठेवलं तर ते आठवडे पुढे ढकलले जातात. पहिल्या दिवशी दोन-तीन तास, मग रोज थोडं वाढवत जा. दोन आठवड्यांनी आणि दोन महिन्यांनी ट्यूनिंगला जायची तारीख घेतानाच ठरवून टाका. एखादा आवाज खुपत असेल तर सहन करत बसू नका, वहीत लिहून घेऊन जा.

जुनी जोडी एक्स्चेंजमध्ये देऊ नका, त्याचे पैसे फारसे येत नाहीत. चालू असेल तर नव्या ऑडिओग्रामप्रमाणे ट्यून करून घ्या, सेल काढून सिलिका जेलच्या डबीत ठेवा आणि महिन्यातून एकदा तासभर लावून बघा. नवं मशीन दुरुस्तीला गेलं की पंधरा दिवस सहज जातात. मागच्या श्रावणात माझं उजवं गेलं होतं, तेव्हा २०१५ चं काढून लावलं आणि काउंटरवर एकही दिवस रजा पडली नाही.